कीबोर्डवर ‘क’ छापला, पण उमटणार कुठल्या बटणातून?

दिवाळीत गावी, पिंगळीला गेलो होतो. परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे आमचं गाव. माझा मावसभाऊ तिथून रोज परभणीला टायपिंगच्या क्लासला जातो. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते ती संगणक टंकलेखनाची परीक्षा, म्हणजे जीसीसी-टीबीसी, त्याला मराठी ३० शब्दांच्या वेगाची द्यायची आहे. क्लासच्या मशीनवर त्याचा वेग ३० च्या वर जातो. सुट्टीत सराव बुडू नये म्हणून त्याने माझा लॅपटॉप मागितला. माझा लॅपटॉप ऑफिसचा, मॅकबुक.

दहा मिनिटांनी तो परत आला. “दादा, तुझं मशीन बिघडलंय का? मराठी येईनाच की.”

मशीन बिघडलेलं नव्हतं. त्याने सवयीने ऑल्ट आणि शिफ्ट दाबून भाषा बदलायचा प्रयत्न केला होता, काहीच झालं नाही. मग विंडोजचं बटण शोधलं, ते या कीबोर्डवर नाहीच. स्पेसबारच्या शेजारचं कमांड बटण त्याऐवजी दाबून पाहिलं, तर स्क्रीनच्या मधोमध सर्चची पट्टी उघडली. मी सेटिंगमध्ये जाऊन देवनागरी कीबोर्ड चालू करून दिला. आता अक्षरं उमटायला लागली, पण भलतीच. ‘प’ दाबला तर ‘ग’ यायचा. ३० शब्दांचा वेग असलेला पोरगा एकेक बटण चाचपत एका ओळीला पाच मिनिटं घेत होता.

त्याचं तोंड बघून मला वाईट वाटलं, आणि थोडं हसूही आलं. कारण त्याच्या बोटांना मराठी टायपिंग येत होतं. फक्त ते एका क्लासच्या, एका सॉफ्टवेअरच्या आणि एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या बाहेर येत नव्हतं.

हे आता का लिहितोय? ३ फेब्रुवारी २०२५ रोजी राज्याच्या नियोजन विभागाने शासन निर्णय काढला. सरकारी आणि निमसरकारी कार्यालयांत मराठीतून बोलणं, फलक मराठीत लावणं वगैरे त्यात होतं आणि बातम्याही त्याच्याच झाल्या. त्याच निर्णयात एक छोटं कलम कीबोर्डचं आहे: कार्यालयातल्या संगणकाच्या कळांवर रोमन अक्षरांसोबत मराठी देवनागरी अक्षरंही छापलेली किंवा उमटवलेली असायला हवीत. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मराठी भाषा धोरण मंजूर केलं होतं, त्याच्या पुढची ही पायरी. कलम चांगलंच आहे. पण कळेवर अक्षर छापलं म्हणजे तेच अक्षर उमटेल, असं नसतं. छापील अक्षर फक्त शाई असते. कळ दाबल्यावर काय उमटायचं, हे आतला लेआउट ठरवतो.

एक गाव, दोन स्पेलिंग

आमच्या गावाचंच नाव घ्या. ‘पिंगळी’ हा शब्द इनस्क्रिप्ट या पद्धतीने लिहायचा तर इंग्रजी कीबोर्डवरची ही बटणं दाबायची: एच, एफ, एक्स, आय, शिफ्टसह एन, आर. म्हणजे प, मग ि, मग अनुस्वार, ग, ळ आणि ी. बोलताना जसा आवाज येतो त्याच क्रमाने. आधी व्यंजन, नंतर मात्रा.

आता हाच शब्द कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये लिहा. त्यात टाइपरायटरची, म्हणजे रेमिंग्टन वळणाची मांडणी आहे. बटणं होतात: एफ, आय, ए, एक्स, कॅपिटल जी, एच. इथे ि आधी मारायची आणि प नंतर. कारण टाइपरायटर कागदावर डावीकडून उजवीकडे ठसे उमटवायचा, आणि पहिली वेलांटी दिसते डावीकडे. यंत्राला उच्चाराशी देणंघेणं नव्हतं. ‘मार्च’ मधला रफार त्याच पद्धतीत ‘च’ नंतर येतो. इनस्क्रिप्टमध्ये मात्र म, ा, र, हलन्त, च असं सरळ लिहायचं असतं.

‘एच’ हे बटण एकाकडे ‘प’ आहे, दुसऱ्याकडे ‘ी’. ‘आय’ एकाकडे ‘ग’, दुसऱ्याकडे ‘प’. मावसभावाच्या ‘प’ च्या जागी ‘ग’ येण्याचं कारण हेच. त्याच्या क्लासमध्ये टाइपरायटरची मांडणी शिकवतात. माझ्या मॅकमधला देवनागरी कीबोर्ड इनस्क्रिप्ट आहे.

गोंधळ इतक्यावर थांबत नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या दृष्टीने तुम्ही मराठी लिहितच नसता. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. म्हणून लग्नपत्रिकेचा मजकूर डीटीपीवाल्याने व्हॉट्सॲपवर कॉपी करून पाठवला की तुमच्या मोबाईलवर अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. तुमचा मोबाईल बरोबर असतो. मुखवटा फक्त त्या दुकानातल्या मशीनवर राहिलेला असतो.

आणि या जुन्या फॉन्टमधली काही जोडाक्षरं कीबोर्डवर बसतच नाहीत. ती ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या आकड्यांवर कोड मारून काढायची. जुन्या डीटीपी ऑपरेटरांना असे कितीतरी कोड तोंडपाठ असतात, बघत राहावं असं कसब आहे ते. पण लहान लॅपटॉपला उजवीकडचे आकडे नसतात, आणि मॅकवर ऑल्टच्या जागचं ऑप्शन बटण वेगळंच काम करतं. एवढं पाठांतर एका जातीच्या मशीनपुरतं.

कंट्रोल की कमांड: हे भांडण मुळात आलं कुठून

मराठी बाजूला ठेवली तरी बोटांची हीच फसगत इंग्रजीतही होते. विंडोजवर कॉपीला कंट्रोल-सी, मॅकवर कमांड-सी. कट, कॉपी, पेस्ट ही कल्पना १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या पार्क या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवली. टेस्लर पुढे ॲपलमध्ये गेले. ॲपलने या कामांसाठी झेड, एक्स, सी, व्ही ही खालच्या ओळीतली शेजारशेजारची बटणं घेतली आणि त्यांच्या जोडीला स्वतःचं वेगळं बटण दिलं, तेच आजचं कमांड. आयबीएमच्या वळणाच्या मशीनवर मात्र कॉपीला कंट्रोल-इन्सर्ट आणि पेस्टला शिफ्ट-इन्सर्ट होतं. ॲपलची झेड-एक्स-सी-व्ही विंडोजने नंतर उचलली, पण कमांड बटण नव्हतंच, म्हणून ती कंट्रोलला जोडली. शिफ्ट-इन्सर्ट आजही विंडोजमध्ये बहुतेक ठिकाणी पेस्ट करतं, करून बघा.

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू काम थांबव. म्हणून तिथे कॉपीला शिफ्टही लागतो: कंट्रोल-शिफ्ट-सी. ज्याला हे माहीत नसतं तो कॉपी करायला जातो आणि चाललेलं काम मारून बसतो. मी बसलोय.

कॉपी-पेस्टचं ठीक आहे, दोन दिवसांत बोटं जुळवून घेतात. खरी पंचाईत पोटापाण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. एक्सेलमध्ये फॉर्म्युल्यातला सेल पक्का करायला, म्हणजे डॉलरची चिन्हं लावायला, विंडोजवर एफ४ आहे, मॅकवर कमांड-टी. एकाच सेलमध्ये नवी ओळ घ्यायला विंडोजवर ऑल्ट-एंटर. मॅकवर कंट्रोल-ऑप्शन-रिटर्न, तीन बटणं. शिवाय विंडोजच्या एक्सेलमध्ये ऑल्ट दाबून सोडलं की वरच्या मेनूवर अक्षरं उमटतात आणि माऊस न लावता सगळं करता येतं. ऑफिसात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं यावरच वेगाने चालतात. मॅकच्या एक्सेलमध्ये ती सोय बरीच वर्षं तशी नव्हतीच.

टॅलीचं आणखी वेगळं. तिथे प्लॅटफॉर्म एकच, विंडोज, तरी शॉर्टकट बदलले. २०२० च्या अखेरीस टॅली ईआरपी ९ च्या जागी टॅलीप्राइम आलं. पेमेंटचं एफ५, रिसीटचं एफ६, सेल्सचं एफ८, पर्चेसचं एफ९ हे तसंच राहिलं. पण क्रेडिट नोट कंट्रोल-एफ८ होती ती ऑल्ट-एफ६ झाली, आणि डेबिट नोट कंट्रोल-एफ९ वरून ऑल्ट-एफ५ वर गेली. जुन्या पुस्तकावरून टॅली शिकलेला बीकॉमचा मुलगा नव्या दुकानात पहिल्या दिवशी इथेच अडखळतो आणि मालकाला वाटतं याला टॅली येत नाही. त्यात नव्या लॅपटॉपवर एफ५ दाबलं की व्हाउचर उघडायच्या ऐवजी प्रकाश किंवा आवाज कमी-जास्त होतो, कारण त्या ओळीला कंपनीने दुसरी कामं दिलेली असतात. एफएन दाबून धरायचं किंवा एफएन-लॉक चालू करायचं, एवढंच असतं. पण हे सांगणारं कोणी शेजारी नसेल तर सकाळ जाते.

परीक्षेत चूक कोणाची?

लिपिक-टंकलेखकाच्या नोकरीसाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. म्हणजे कुठलं बटण कुठे आहे हा प्रश्न सरळ पगाराशी जोडलेला आहे. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाने, म्हणजे एसएससीने, हिंदी टायपिंगच्या चाचणीत हा गुंता मान्य करून टाकला आहे. फॉन्ट युनिकोडमधला मंगल, पण कीबोर्ड तीनपैकी निवडायचा: इनस्क्रिप्ट, रेमिंग्टन सीबीआय किंवा रेमिंग्टन गेल. शेवटच्या दोन्ही टाइपरायटरच्याच वळणाच्या, पण काही अक्षरं आणि चिन्हं इकडेतिकडे. नाव ‘रेमिंग्टन’ दिसलं म्हणून एकावर सराव केला आणि परीक्षेत दुसरी निवडली, तर मोजक्या अक्षरांवर बोटं घसरतात. आणि टायपिंगच्या परीक्षेत मोजकी अक्षरंच नापास करतात.

माझ्या मते तीन पर्याय देणं ही आजच्या उमेदवारांपुरती न्याय्य तडजोड आहे. ज्याने वर्ष-दोन वर्षं घाम गाळून एक मांडणी बोटांत बसवली, त्याला परीक्षेच्या तोंडावर ‘आता हे शिक’ म्हणणं बरं नाही. पण त्याच्या मागून येणाऱ्याला पुन्हा तीच जुनी मांडणी शिकवत राहणं मला पटत नाही.

बाजारात देवनागरी अक्षरं छापलेले जे कीबोर्ड मिळतात, त्यांवर सहसा इनस्क्रिप्टच छापलेली असते. म्हणजे २०२५ च्या त्या निर्णयाप्रमाणे कार्यालयात नवा कीबोर्ड आला, त्यावर एच च्या बटणावर ‘प’ छापलेला आहे, आणि त्यापुढे बसणारा टंकलेखक क्लासमध्ये टाइपरायटरची मांडणी शिकून आलेला आहे. त्याला ती छापील अक्षरं मदत करणार नाहीत, उलट नजर खाली गेली की फसवतील. निर्णयाचा हेतू चांगला, पण क्लास, परीक्षा आणि कार्यालय या तिन्हींना एकच लेआउट नावासकट सांगितल्याशिवाय शाईचा उपयोग अर्धाच.

मग कुठला लेआउट? माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे आणि कारण भावनिक नाही. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण ठरवली, पुढे १९९१ च्या भारतीय मानकातही ती आली. आज ती विंडोजमध्ये आहे, मॅकमध्ये आहे, लिनक्समध्ये आहे. काही डाउनलोड करावं लागत नाही. टाइपरायटरची मांडणी विंडोजमध्ये किंवा मॅकमध्ये मुळातून येत नाही, ती बाहेरून बसवावी लागते. आणि बाहेरून काही बसवायची परवानगी दुसऱ्याच्या मशीनवर, ऑफिसात, परीक्षा केंद्रावर तुम्हाला नसते.

इनस्क्रिप्टची रचनाही डोक्यात बसते. मात्रा आणि स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. के म्हणजे क, शिफ्टसह के म्हणजे ख. आय म्हणजे ग, शिफ्टसह घ. क्ष, ज्ञ, त्र ही वरच्या आकड्यांच्या ओळीत, शिफ्टसह ७, ५ आणि ६ वर. आणि आमच्या भागातल्या लोकांना पटेल असं एक: तेलुगूची इनस्क्रिप्टही याच धर्तीवर आहे. नांदेडच्या पलीकडे तेलंगणात जाऊन तेलुगू टाइप करायची वेळ आली तरी ‘क’ के वरच असतो.

तोटाही सांगतो. पहिले पंधरा दिवस भयंकर कंटाळवाणे जातात. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आलाय, ‘pingli’ ची अक्षरं मारली की मराठी पर्याय समोर येतात. मोबाईलच्या जीबोर्डवरही तेच करता येतं. मग इनस्क्रिप्टचा त्रास कशाला? नुसतं चॅटिंग करायचं असेल तर घेऊच नका. मी स्वतः मोबाईलवर बोलून टाइप करतो. पण फोनेटिकमध्ये शब्द तुम्ही लिहीत नाही, सॉफ्टवेअर सुचवतं आणि तुम्ही निवडता. ल की ळ, न की ण, हे दर वेळी थांबून बघावं लागतं. ‘पिंगली’ आलं आणि लक्षात आलं नाही, तर गेलं. वेगाच्या परीक्षेत हे थांबणं परवडत नाही, आणि सातबारावरचं नाव लिहिताना तर मुळीच नाही.

यादीत नाव ‘नाही’

नावाचं निघालंच आहे तर सगळ्यात महत्त्वाचं सांगतो. गावात कुठल्या योजनेची यादी पीडीएफमध्ये आली की मोबाईलवर नाव शोधून द्यायचं काम तुमच्यासारख्या पोरांवरच येतं. सर्चमध्ये आडनाव टाकता, ‘सापडलं नाही’ येतं, आणि समोरचे काका खचतात.

बऱ्याचदा नाव असतं. ‘कुऱ्हाडे’ हे आडनाव बघा, किंवा ‘शेतकऱ्यांची’ हा शब्द. त्यातला ऱ्ह, ऱ्य दोन पद्धतींनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन हलन्त देतात. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. विंडोजच्या इनस्क्रिप्टवर ते कंट्रोल-शिफ्ट-१ ने येतं. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. पण आतले कोड वेगळे, म्हणून अनेक प्रोग्राम त्यांना वेगवेगळे शब्द समजतात. यादी बनवणाऱ्याने एका पद्धतीने लिहिलं, तुमच्या मोबाईलने दुसऱ्या. ‘ॲप’ मधल्या ॲ चंही असंच आहे: तो एक सलग अक्षर म्हणूनही येतो आणि अ वर चंद्र देऊनही.

त्यामुळे शोधताना अडचणीचं अक्षर टाळून शोधा. ‘कुऱ्हाडे’ ऐवजी नुसतं ‘हाडे’ टाका, किंवा पहिलं नाव टाका. तरीही काहीच सापडत नसेल तर यादीतला एखादा शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये स्वतःलाच पेस्ट करा. इंग्रजी अक्षरांचा कचरा आला तर ती यादी जुन्या फॉन्टमध्ये आहे, त्यात मराठी सर्च चालणारच नाही. डोळ्यांनीच पानं चाळा. आणि कॉपीच होत नसेल तर तो नुसता फोटो आहे. ‘नाव नाही’ हे वाक्य या सगळ्या खटपटीनंतरच कोणाला तरी सांगा.

सराव करायचा तर

लॅपटॉप नसेल तर अडू नका. साधा यूएसबी कीबोर्ड ओटीजी जोडणीने बहुतेक अँड्रॉइड फोनला लागतो. कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, ऑल्ट-टॅब सगळं चालतं. बाकी भाषा बदलायचं बटण प्रत्येक मशीनवर आधी शोधून ठेवा: विंडोजवर विंडोज-स्पेस, उबंटूवरही तेच बटण आणि स्पेस, मॅकवर कंट्रोल-स्पेस किंवा नव्या मशीनवर पृथ्वीगोलाचं चिन्ह असलेलं बटण. परीक्षा असेल तर सूचनापत्रात फॉन्ट आणि कीबोर्ड अशा दोन्हींची नावं वाचा. क्लास लावायच्या आधी ‘कुठला लेआउट शिकवता?’ हा प्रश्न फीच्या आधी विचारा.

मावसभावाला मी लगेच इनस्क्रिप्ट शीक म्हटलं नाही. परीक्षा तोंडावर आहे, त्याने टाइपरायटरचीच मांडणी चालू ठेवली. शेजारच्या एकाकडून जुना विंडोज लॅपटॉप आठ दिवसांसाठी आणला आणि क्लासमध्ये आहे तेच सॉफ्टवेअर त्यात बसवून घेतलं. माझं मॅकबुक त्याने परत दिलं, तेव्हा त्यावर एकच ओळ टाइप केलेली होती. ‘पिंगळी’ सहा वेळा, त्यातलं शेवटचं बरोबर.